स्त्रीधन: शब्द कुणाचा आणि धन कुणाचं?



तुळशीचं लग्न लागलं की गावोगाव मांडव घालायला सुरुवात होते. बचत गटाच्या बैठकीतही मग तोच विषय. कुणाकडे सुपारी फुटली, कुणाचा बस्ता कुठे बांधला, आणि कर्जाच्या अर्जावर ‘मुलीचं लग्न’ हे कारण कितीजणींनी लिहिलं. आम्ही गटांचं काम बघणाऱ्या. आम्हाला लग्नसराई आधी हिशोबाच्या वहीत दिसते आणि मग मांडवात. म्हणून आज लग्नातल्याच एका शब्दाबद्दल बोलायचं आम्ही ठरवलं आहे. तो शब्द म्हणजे ‘स्त्रीधन’.

हा शब्द सगळ्यांच्या कानावरून गेलेला आहे. पण त्याचा अर्थ विचारला की उत्तरं वेगवेगळी येतात. कुणी म्हणतं, स्त्रीधन म्हणजे मुलीच्या अंगावर घातलेलं सोनं. कुणी म्हणतं, स्त्रीधन म्हणजे हुंड्याचंच सभ्य नाव. कुणी म्हणतं, तो कोर्टातला शब्द आहे, नवराबायकोचं फाटलं की वकील वापरतात. तिन्ही उत्तरांमध्ये थोडं थोडं खरं आहे. पण पूर्ण अर्थ एकातही नाही. आणि अर्थ अर्धवट माहीत असला की काय होतं? आपल्या वस्तूवर दुसरा हक्क सांगतो आणि आपल्यालाही ते रीतच वाटायला लागतं.

आधी शब्दच उलगडून बघू. स्त्री अधिक धन, स्त्रीचं धन. यात नवरा नाही, सासू नाही, बाप नाही, भाऊ नाही. दोनच गोष्टी आहेत, बाई आणि तिचं धन. आता याच्या शेजारचे शब्द घ्या. ‘वरदक्षिणा’ म्हणजे वराला दिलेली दक्षिणा. ती वराकडे जाते. ‘मानपान’ जातो व्याह्यांकडे, विहिणींकडे, करवलीकडे. ‘हुंडा’ म्हणजे लग्नाची अट म्हणून मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांना मोजायचा पैसा. मांडवातली देवघेव सांगणारे शब्द भरपूर आहेत, पण ज्यात मालकाचं नावच आधी घातलंय असा हा एक शब्द, आणि ते नाव बाईचं आहे.

हा शब्द आजचा नाही आणि कोर्टाने काढलेलाही नाही. संस्कृतातल्या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथांत तो आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत. पहिला अध्यग्नि, म्हणजे लग्नाच्या होमापुढे दिलेलं. दुसरा अध्यावाहनिक, म्हणजे मुलगी सासरी निघताना दिलेलं. तिसरं प्रेमाने दिलेलं. आणि मग भावाने दिलेलं, आईने दिलेलं, बापाने दिलेलं. आपल्याकडे पाठवणीच्या वेळी मामा हळूच मुठीत नोट ठेवतो ना, किंवा आई आपल्या गळ्यातली बोरमाळ काढून लेकीला घालते, ते या यादीतलंच आहे.

आता कुणी म्हणेल, मनुस्मृतीचं काय सांगता? तिच्यातच असंही म्हटलंय की बायको, मुलगा आणि दास यांना स्वतःचं धन नसतं, ते मिळवतील ते ज्याचे ते असतात त्याचं. बरोबर आहे, तेही त्याच ग्रंथात आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सत्याग्रहात ही मनुस्मृती का जाळली गेली, हेही आपल्याला ठाऊक आहे. आम्ही जुन्या ग्रंथांचा गौरव करायला इथे बसलेल्या नाही. सांगायचं इतकंच की ज्या काळात बाईला जवळजवळ कसलाच हक्क नव्हता, त्या काळातही एवढा एक कोपरा तिचा म्हणून राखलेला होता. आज आपल्या घरात तो कोपरा तरी तिच्याकडे आहे का, हे तपासून बघायचं आहे.

कात्यायन नावाचे एक स्मृतिकार होऊन गेले. त्यांनी नियम आणखी स्पष्ट केला. स्त्रीधन वापरायचा किंवा कुणाला देऊन टाकायचा अधिकार नवऱ्याला नाही, मुलाला नाही, बापाला नाही आणि भावालाही नाही. कुणी जबरदस्तीने घेतलं तर त्याने ते व्याजासकट परत करावं. व्याजासकट, मैत्रिणींनो! गटात हप्ता चुकला की आपण व्याज धरतो, पण घरात मोडलेल्या पाटल्यांवर कधी कुणी व्याज धरलंय का?

याज्ञवल्क्य स्मृतीने नवऱ्याला काही सवलती दिल्या. दुष्काळ पडला, धर्मकार्य निघालं, आजारपण आलं किंवा कुणी अडकवून ठेवलं, तर त्याने बायकोचं धन घेतलं आणि परत केलं नाही तरी चालेल, असं त्यात आहे. आपण या सवलतींशी सहमत असू किंवा नसू. पण सवलत केव्हा लिहावी लागते? वस्तू दुसऱ्याची असते तेव्हा. स्वतःच्या खिशातले पैसे खर्चायला कुणाला सवलत लागत नाही.

आता या शब्दाच्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. सुमारे ९०० वर्षांपूर्वी कल्याणी नगरीत विज्ञानेश्वर नावाचे पंडित होते. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यातलं. तिथे तेव्हा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य राज्य करत होता. विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ नावाची टीका लिहिली. टीका म्हणजे अर्थ उलगडून सांगणारं पुस्तक. पुढे वारसा आणि वाटणीच्या बाबतीत आपल्या महाराष्ट्रासकट देशाच्या बऱ्याच भागांत मिताक्षरेलाच प्रमाण मानलं गेलं.

विज्ञानेश्वरांपुढे प्रश्न होता की स्त्रीधन म्हणायचं तरी कशाला? जुन्या ग्रंथांनी सांगितलेल्या सहाच गोष्टींना, की आणखीही कशाला? त्यांनी उत्तर दिलं की स्त्रीधन हा शब्द ‘यौगिक’ आहे, ‘पारिभाषिक’ नाही. हे जड शब्द सोपे करून सांगतो. ‘मंगळसूत्र’ शब्द घ्या. फोड केली तर मंगल दोरा. पण हळकुंड बांधलेलं कंकणही मंगल दोराच असतं, त्याला आपण मंगळसूत्र म्हणत नाही. म्हणजे त्या शब्दाचा अर्थ एका ठरावीक वस्तूपुरता बांधला गेलाय. आता ‘शेतमाल’ घ्या. शेतातला माल तो शेतमाल. ज्वारी असो, कांदा असो, नाहीतर उद्या कुणी लावलेलं ड्रॅगनफ्रूट असो. फोड केल्यावर जो अर्थ निघतो, तोच त्या शब्दाचा अर्थ. विज्ञानेश्वर म्हणाले, स्त्रीधन हा शब्द या दुसऱ्या जातीचा आहे. बाईचं जे धन, ते स्त्रीधन. वारशाने आलेलं, विकत घेतलेलं, वाटणीत मिळालेलं, सापडलेलंसुद्धा.

एका शब्दाचा अर्थ रुंद धरायचा की अरुंद, एवढाच तो वाद. पण त्या वादावर बायांची शेतं आणि घरं अवलंबून होती. पुढे सगळ्यांनी हा रुंद अर्थ मानला नाही. बंगालमध्ये चालणाऱ्या ‘दायभाग’ या ग्रंथाने अर्थ अरुंद ठेवला. इंग्रजांच्या काळात नवऱ्यामागे विधवेकडे आलेली मालमत्ता तिच्याकडे हयातीपुरतीच राहायची. तिने त्यावर पोट भरावं, पण मनाला येईल तशी विकू नये, कुणाला देऊ नये. तिच्यामागे ती पुन्हा नवऱ्याच्या वारसांकडे जायची.

आणखी एक भोक होतं, आणि ते आपल्या गटांसाठी फार मोठं आहे. ज्या कात्यायनांनी व्याजाची गोष्ट सांगितली, त्यांनीच असंही म्हटलं होतं की बाईने आपल्या हातच्या कसबाने जे कमावलं, त्यावर नवऱ्याचा ताबा. म्हणजे माहेरहून आलेली नथ तिची, पण शिवणाच्या मशिनवर बसून मिळवलेले पैसे त्याचे. पापड लाटून, कोंबड्या पाळून, दूध घालून आलेला पैसा स्त्रीधनाच्या बाहेर. आजही कितीतरी घरांत नेमकं हेच चालतं. गटाचं कर्ज तिच्या नावावर, शेळ्या तिने राखलेल्या, आणि बाजारात शेळी विकली की नोटा त्याच्या खिशात. हा हिशोब किती जुना आहे ते बघा.

ही भोकं बुजवायचा मोठा प्रयत्न स्वातंत्र्यानंतर झाला. कायदामंत्री असताना डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिल लावून धरलं. बाईची मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. बिल रखडलं. १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागचं एक मोठं कारण हेच होतं. पुढे त्या बिलाचे तुकडे वेगवेगळे कायदे म्हणून मंजूर झाले. त्यातला १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपल्या आजच्या विषयाचा. त्याचं कलम १४ प्रत्येकीने लक्षात ठेवावं. त्यात म्हटलंय की बाईच्या मालमत्तेची ती पूर्ण मालक आहे, हयातीपुरती राखणदार नाही. आणि मालमत्ता म्हणजे काय, तेही सांगितलंय. वारशाने आलेली, वाटणीत मिळालेली, पोटगीपोटी मिळालेली, नातेवाइकाने किंवा परक्याने लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर भेट दिलेली, विकत घेतलेली, आणि स्वतःच्या कौशल्याने किंवा मेहनतीने मिळवलेली. यात स्त्रीधन हा शब्दही नावानिशी आला आहे. म्हणजे विज्ञानेश्वरांनी जो रुंद अर्थ सांगितला होता, तो इतक्या शतकांनी कायद्यात आला, आणि हातच्या कसबाची कमाईही त्यात बसली. हा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख बायांनाही लागू आहे.

आपल्या गटांमध्ये मुस्लिम भगिनी आहेत, आदिवासी भगिनी आहेत. त्यांचं काय? मुस्लिम निकाहात ‘मेहर’ ठरतो. तो नवऱ्याने बायकोला द्यायचा असतो आणि तो तिचाच हक्क असतो, तिच्या बापाचा नाही. तलाक झाला तर मेहर, आणि लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर नातेवाइकांनी, नवऱ्याने दिलेल्या वस्तू मिळण्याचा तिचा हक्क १९८६ च्या कायद्यात लिहिलेला आहे. काही आदिवासी समाजांत ‘देज’ असतं, ते मुलाकडचे मुलीकडच्यांना देतात. अनुसूचित जमातींना १९५६ चा कायदा आपोआप लागू होत नाही, तिथे त्यांची रूढी चालते. पण घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा जो कायदा आहे, त्यात धर्म-जातीचा भेद नाही. त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

आता वळू आजच्या मांडवाकडे. हल्ली हुंडा कुणी हुंडा म्हणून मागत नाही. बैठकीत पाहुणे म्हणतात, “आम्हाला काही नको हो. तुमच्या मुलीच्या अंगावर काय घालायचं ते घाला. तिचंच आहे ते, तिचं स्त्रीधन.” ऐकायला किती गोड. मग दहा तोळ्यांवर बोलणी थांबतात. लग्न होतं. पूजा झाली की सासूबाई म्हणतात, “घरात पाहुण्यांची वर्दळ आहे, दागिने माझ्याकडे दे, कपाटात ठेवते.” त्यात कुणाला वावगं वाटत नाही. वर्षाने धाकट्या नणंदेचं लग्न निघतं आणि त्यातली बोरमाळ तिच्या गळ्यात जाते. दीराला दुकान टाकायचं असतं, पाटल्या सोनेतारणाला जातात. सूनबाई विचारायला गेली की उत्तर येतं, “तुझं माझं काय करतेस, घर एकच ना?”

मागताना ते ‘तिचं’ होतं, कपाटात गेल्यावर ते ‘घराचं’ झालं. मैत्रिणींनो, याला स्त्रीधन म्हणत नाहीत. अट घालून मागितलं तो हुंडा, मग तो रोख असो की तोळ्यांत. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा देणं, घेणं आणि मागणं हे तिन्ही गुन्हे आहेत. आणि याच कायद्यातलं कलम ६ फार थोड्यांना माहीत असतं. लग्नात दिलेला हुंडा दुसऱ्या कुणी घेतला असेल, तर त्याने तो तीन महिन्यांच्या आत त्या बाईच्या नावे करून द्यायचा, आणि तोपर्यंत विश्वस्त म्हणून सांभाळायचा. बेकायदा घेतला तरी त्याची मालकी घेणाऱ्याला मिळत नाही.

आणि जे न मागता, प्रेमाने दिलं, ते तर पहिल्या दिवसापासून तिचंच. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध सांगितलं. स्त्रीधनाची मालकी पूर्णपणे बाईची. नवऱ्याकडे किंवा सासरच्यांकडे ते सांभाळायला दिलं म्हणजे मालकी दिली असं होत नाही. मागितल्यावर त्यांनी परत केलं नाही, तर तो विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. नव्या भारतीय न्याय संहितेत हा गुन्हा कलम ३१६ मध्ये आहे.

अलीकडचं एक प्रकरण सांगतो. केरळमधलं. २००३ चं लग्न. मुलीला माहेरच्यांनी ८९ पवन सोनं घातलं होतं. एक पवन ८ ग्रॅमचं, म्हणजे सगळं मिळून ७१२ ग्रॅम. तिचं म्हणणं असं की पहिल्याच रात्री नवऱ्याने ते सांभाळायला म्हणून घेतलं, आपल्या आईकडे दिलं आणि पुढे त्यांच्या देण्यांमध्ये ते गेलं. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, २५ लाख रुपये तिला द्यावेत असा. न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधन ही नवराबायकोची सामायिक मालमत्ता नाही. अडचणीत नवऱ्याला ते वापरता येईल, पण ते किंवा त्याची किंमत परत करणं हे त्याचं नैतिक बंधन आहे. याज्ञवल्क्यांच्या दुष्काळ-आजारपणाच्या सवलतीच्या हे एक पाऊल पुढे आहे. निकाल बाईच्या बाजूने लागला, पण मध्ये २१ वर्षं गेली, हेही विसरू नका.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी एक निकाल आला. तेलंगणातल्या एका प्रकरणात मुलीने सांगितलेलं नसताना बापाने तिचं स्त्रीधन परत मागितलं होतं. न्यायालय म्हणालं, बापालाही तो अधिकार नाही. मालक तीच, मागायचं की नाही ते तीच ठरवणार. म्हणजे फक्त सासरच्यांनीच नाही, माहेरच्यांनीही “आम्ही दिलंय, आमचं आहे” असं म्हणायचं नाही. भाऊ अडचणीत आला म्हणून लेकीची पोत परस्पर मोडणारी माहेरंही आपण बघतोच.

आता आम्ही आमच्या आवडत्या विषयावर येतो. तो म्हणजे वही. लग्नात आपण किती लिहितो ते बघा. मुलाला पोशाख कुणी करायचा, मानपान किती, जेवणाचा खर्च कुणाचा, याची बैठकीत यादी होते. पंचांच्या सह्या होतात. त्यावर तर ‘यादी पे शादी’ असा शब्दच निघाला. मांडवाच्या दारात एकजण आहेराची वही घेऊन बसतो, अकरा रुपयांचा आहेरसुद्धा नावानिशी लिहितो, कारण तो उद्या फेडायचा असतो. बस्त्याची यादी असते, किराण्याची यादी असते, आचारी तर चिंचेपर्यंत सगळं लिहून देतो. मात्र ज्या सोन्यासाठी बापाने कर्ज काढलं, त्या सोन्याची यादी कुठेच नसते. कोर्टात गेल्यावर मग लग्नाचा अल्बम शोधायचा आणि फोटोत गळ्यात काय दिसतंय ते मोजत बसायचं.

ही यादी करायला कायद्यानेच सांगितलेलं आहे. २ ऑक्टोबर १९८५ पासून तसे नियम आहेत. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवायची, वराला मिळालेल्यांची वराने. ती लेखी हवी. त्यात चार गोष्टी हव्यात. वस्तू कोणती, तिची अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, आणि नातं असेल तर नातं. खाली वधू आणि वर दोघांच्या सह्या. सही येत नसेल तर यादी वाचून दाखवायची आणि अंगठा घ्यायचा. स्टॅम्प पेपर लागत नाही, वकील लागत नाही. शाळेच्या वहीचं पान पुरतं.

सोन्याच्या नोंदीत वजन लिहा. आता हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचे दागिने या क्रमांकाशिवाय विकता येत नाहीत. तो लिहा. पावती मुलीच्या नावाने करा, बापाच्या नाही. यादीत फक्त सोनंच लिहायचं असं नाही. कपाट, भांडी, शिवणयंत्र, गाय दिली असेल तर गाय, रोख दिली असेल तर ती. सासरच्यांनी तिला घातलेलं मंगळसूत्र, जोडवी, पैंजण हेही लिहा, तेही तिचंच. पुढे मंगळागौरीला, डोहाळजेवणाला, बारशाला जे तिला मिळेल त्याची भर घालत जा. यादीच्या दोन प्रती करा. एक मुलीकडे, एक माहेरी. मोबाइलमध्ये फोटो असू द्या.

कुणी म्हणेल, असं लिहून ठेवलं तर सोयऱ्यांना राग येईल, अविश्वास वाटेल. त्यांना हे सांगा की आहेराची वही लिहिल्याने कुणाचं नातं तुटलेलं नाही. गटात आपण सगळ्या एकमेकींच्या जिवाभावाच्या, तरी दर बैठकीला वहीवर सह्या करतोच ना? लिहिलेलं असलं की भांडणाला जागाच उरत नाही. आणि खालची सही नवऱ्या मुलाचीही असते. सही करताना त्यालाही पहिल्याच दिवशी कळतं की हे आपलं नाही, हिचं आहे. चांगल्या मुलाला त्याचं काही वाटणार नाही.

दुसरा प्रश्न नेहमी येतो. “घरावर वेळ आली तर दागिने धरून बसायचं का? सासऱ्यांचं ऑपरेशन आहे, पेरणी आहे, मुलाची फी आहे.” नाही हो, कुणीच तसं म्हणत नाही. आपल्या बायांनी दागिने मोडून विहिरी बांधल्या आहेत आणि पोरं शिकवली आहेत. बाई देतेच. पण तिने देणं वेगळं आणि तिच्या नकळत नेणं वेगळं. देताना तिला विचारलेलं असावं, किती दिलं ते लिहिलेलं असावं आणि परत कधी येणार ते ठरलेलं असावं. सोनेतारण करायचं असेल तर कर्ज तिच्या नावाने करा. तारण ठेवताना कर्जदाराला लिहून द्यावं लागतं की हे सोनं माझ्या मालकीचं आहे. तुमच्या पाटल्या ‘माझ्या मालकीच्या’ म्हणून दुसऱ्या कुणी सही का करावी? पावती तुमच्याकडे ठेवा, कर्ज फिटल्यावर सोडवायला तुम्ही स्वतः जा.

आणखी एक. बाई मृत्युपत्र न करता गेली तर कायद्याने तिच्या मालमत्तेवर पहिला हक्क मुलगा, मुलगी आणि नवरा यांचा. मूलबाळ आणि नवरा नसेल तर बहुतेक मालमत्ता नवऱ्याच्या वारसांकडे जाते, फक्त आईबापांकडून वारशाने आलेली माहेरी परतते. तुमची ठुशी लेकीलाच मिळावी, बहिणीलाच मिळावी असं मनात असेल, तर तसं मृत्युपत्र करा. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन ते होतं.

ज्यांचं आधीच अडकलं आहे त्यांनी काय करायचं? २००५ च्या घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात स्त्रीधन हिरावणं, विकणं, वापरू न देणं हा आर्थिक छळ म्हटला आहे. मॅजिस्ट्रेट ते परत करायचा आदेश देऊ शकतात, आणि लॉकरला किंवा वस्तूला परस्पर हात लावायला मनाई करू शकतात. त्यासाठी नवऱ्याला सोडलंच पाहिजे किंवा घटस्फोट घेतलाच पाहिजे असं नाही. महिला व बाल विकास विभागाचे संरक्षण अधिकारी अर्जाला मदत करतात. बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यांचा क्रमांक १५१०० आणि महिला हेल्पलाइनचा १८१. दोन्ही क्रमांक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मैत्रिणींनो, या लग्नसराईत आमचं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या गटातल्या ज्या घरी लग्न आहे, तिथे हळदीच्या आधी दोघीजणी जा. जात्याला हळकुंड बांधून झालं की नवरीला शेजारी बसवा, वही उघडा आणि पहिली ओळ तिच्याच हाताने लिहून घ्या, ‘स्त्रीधनाची यादी’. शब्दाचा अर्थ तिला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. खाली स्वतःचं नाव लिहिताना तो तिला आपोआप कळेल.